गोळीच्या आधीचे तीन महिने

वार्षिक तपासणीच्या रिपोर्टात १३८/८८ असा आकडा येतो. डॉक्टर म्हणतात, "लगेच गोळी नको. मीठ कमी करा, चाला, वजन उतरवा, तीन महिन्यांनी बघू." मग त्या तीन महिन्यांत सगळे सल्ले देऊ लागतात. सकाळी फिरायला येणारे काका सांगतात, अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या. मावशींची भिस्त बिटाच्या रसावर. अमेरिकेतला भाचा मॅग्नेशियमची बाटली घेऊन येतो आणि कोपऱ्यावरचा आयुर्वेदिक दुकानदार अर्जुनसालीचं चूर्ण पुढे करतो.

गंमत अशी, की प्रत्येकाकडे पुरावा असतो. काकांचं बीपी लसणाने उतरलं, मावशींचं बिटाने, शेजाऱ्यांचं काढ्याने. सगळेच खरं सांगत असतील, तर इतक्या वेगवेगळ्या वस्तू एकच काम कसं करतात?

उत्तराचा एक भाग या वस्तूंत नाहीच, तो मोजण्यात आहे. रक्तदाब दिवसभर एका जागी थांबत नाही. जिना चढून येणं, नुकताच घेतलेला चहा, रात्रीचं जागरण, दवाखान्यातली रांग आणि पांढरा कोट यांपैकी कशानेही तो दहा-पंधरा अंकांनी सहज वर जातो. (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, इथे सोयीसाठी 'अंक' म्हटलं आहे.) माणूस उपाय सुरू करतो तो नेमका आकडा चढलेला दिसला त्या दिवसापासून. पुढच्या खेपेला मोजलं, की तो बहुधा आपल्या नेहमीच्या पातळीवर, म्हणजे थोडा खाली आलेला असतो. मधल्या काळात जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. शिवाय लसूण खायला लागलेला माणूस त्याच आठवड्यात पापड-लोणचंही कमी करतो, याचा हिशेब कोण ठेवतो?

म्हणून शास्त्रीय चाचणीत निम्म्या लोकांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देतात. तिला प्लासिबो म्हणतात. दोन्ही गटांचा दाब थोडा उतरतोच. त्यांच्यातला फरक तेवढा औषधाचा. या चाळणीतून गाळल्यावर बहुतेक दावे गळून पडतात. पण सगळे नाही. काही पाला-मुळ्या आणि काही खनिजं खरोखर काम करतात, थोडंसं का होईना.

तीन जागा

अंगणातल्या झाडांना पाणी घालायची रबरी नळी डोळ्यांपुढे आणावी. तिच्यातला दाब तीन गोष्टींवर ठरतो. नळ किती जोरात सोडला आहे, नळीत पाणी किती भरलं आहे आणि तिचं तोंड अंगठ्याने किती आवळलं आहे. शरीरात नळाचं काम हृदय करतं. पाण्याचा, म्हणजे रक्तातल्या मीठ-पाण्याचा हिशेब मूत्रपिंडं ठेवतात. आणि अंगठा म्हणजे बारीक धमन्यांच्या भिंतीतले स्नायू. ते आवळले की दाब चढतो, सैलावले की उतरतो.

रक्तदाबाच्या साऱ्या गोळ्या शेवटी याच तीन जागी येऊन काम करतात. बीटा ब्लॉकर गटातली औषधं मुख्यतः नळ थोडा बंद करतात. लघवी वाढवणारी औषधं पाणी कमी करतात. अ‍ॅम्लोडिपिन अंगठा सैल करतं: स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की स्नायू आवळतो, ते शिरणंच ही गोळी रोखते. टेल्मिसार्टन हे शरीरातल्या अँजिओटेन्सिन नावाच्या संप्रेरकाला अडवतं. हे संप्रेरक अंगठाही आवळतं आणि मीठही धरून ठेवायला लावतं, त्यामुळे या एका गोळीने दोन जागी फरक पडतो.

झाडाच्या मुळीला चौथी जागा उपलब्ध नाही. कुठलंही चूर्ण रक्तदाब उतरवत असेल, तर या तिन्हींपैकी कुठे, हे सांगता आलं पाहिजे. 'रक्त शुद्ध करतं' हे त्याचं उत्तर नव्हे.

मुंबईतून जगभर गेलेली मुळी

वनस्पतीने बीपी उतरतं का, या प्रश्नाचं सर्वांत ठणठणीत 'हो' सर्पगंधेने दिलं. सह्याद्रीच्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत उगवणारं हे छोटं झुडूप. त्याची मुळी झोप येत नसेल, डोकं फिरलं असेल तर वैद्य देत आले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ती उपयोगी पडते, असा लेख प्रसिद्ध केला. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातली काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्यावरून 'अजमलीन' असं नाव दिलं.

मुळीला जगाच्या वैद्यकात नेऊन बसवलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. केईएम रुग्णालयातले हे हृदयरोगतज्ज्ञ. आपल्या पन्नास रुग्णांवरचे निष्कर्ष त्यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. तेव्हा रक्तदाबावर धड औषध असं जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे लेखाची दखल लगोलग घेतली गेली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य शुद्ध रूपात काढलं. त्याचं नाव रेसरपिन. पुढे १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ मध्ये पद्मभूषण.

रेसरपिन काम कसं करतं? धमनी आवळण्याचा निरोप मज्जातंतू नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाच्या रसायनातून पोचवतात. हे रसायन तंतूच्या टोकाशी बारीक पुटिकांत साठवलेलं असतं. रेसरपिन त्या पुटिका भरूच देत नाही. साठा संपतो, निरोप पोचत नाही, अंगठा सैलावतो आणि नळाचा जोरही कमी होतो.

आता कथेचा दुसरा अर्धा भाग, जो सर्पगंधेच्या डब्यावर क्वचितच छापलेला असतो. अशाच पुटिका मेंदूतही असतात. तिथला साठाही रिकामा होतो. नाक चोंदणं आणि सुस्ती ही त्याची किरकोळ रूपं; पण पन्नाशीच्या दशकात, तेव्हाच्या मोठ्या मात्रेत हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना गंभीर नैराश्य आल्याच्या नोंदी होऊ लागल्या. पुढे मात्रा पुष्कळ खाली आणली गेली, आणि नवी औषधं आल्यावर रेसरपिन मागे पडलं. सर्पगंधेच्या वट्या मात्र आजही आयुर्वेदिक दुकानात मिळतात. मुळीत द्रव्य किती, हे माती, हंगाम आणि झाडाच्या वयानुसार बदलतं, त्यामुळे एका वटीत नेमकं किती गेलं हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो. आधी कधी नैराश्य येऊन गेलेल्या माणसाने तर ही मुळी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.

सर्पगंधेने दाखवून दिलं ते एवढंच, की वनस्पती खरी गुणकारी असेल तर तिचे दुष्परिणामही खरे असतात. 'गुण आहे पण अपाय काहीच नाही' असं कुणी सांगितलं, तर त्यातला पहिला अर्धाही तपासून घ्यावा.

स्वयंपाकघरातले दावेदार

लसणाचा दावा दुबळा नाही. रक्तदाब वाढलेल्या लोकांवरच्या छोट्या-छोट्या चाचण्या एकत्र केल्या, तर वरचा आकडा प्लासिबोपेक्षा सुमारे ८ अंकांनी उतरलेला दिसतो. लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांपासून रक्तातल्या तांबड्या पेशी हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि अत्यल्प प्रमाणातला हा वायू धमन्यांचे स्नायू सैल करतो. पण अडचण इथेच आहे. यांतल्या बऱ्याच चाचण्या कच्च्या लसणावर झालेल्याच नाहीत. त्या झाल्या महिनोन्‌महिने मुरवलेल्या लसणाच्या अर्कावर, ठरलेल्या मात्रेच्या कॅप्सूलमधून. फोडणीतल्या लसणाला त्यांचे आकडे चिकटवता येत नाहीत. कच्च्या लसणात अ‍ॅलिसिन हे तिखट द्रव्य तयार असतंच असं नाही. पाकळी ठेचली की दोन घटक एकत्र येऊन ते बनतं, आणि ते बनवणारं विकर उष्णतेने मरतं. अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळणाऱ्या काकांना त्यामुळे फारसं काही मिळत नसावं. लसणाच्या चटणीचं म्हणाल, तर तिच्यातलं मीठ लसणाची कमाई सहज खर्च करून टाकतं.

बिटाची वाट जास्त मजेशीर आहे, कारण ती तोंडातल्या जंतूंमधून जाते. बीट, पालक, मुळा यांत नायट्रेट भरपूर असतं. पोटातून रक्तात गेलेलं नायट्रेट लाळेतून परत तोंडात येतं. तिथे जिभेवरचे निरुपद्रवी जंतू त्याचं नायट्राइट करतात, ते गिळलं जातं, आणि शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. हा वायू धमन्या सैल करतो. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरणाऱ्याची ही साखळी जिभेवरच तुटते. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बिटाचा रस दिला. वरचा आकडा ७.७ अंकांनी उतरला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रस थांबवल्यावर दोन आठवड्यांत दाब पुन्हा मूळ जागी गेला. म्हणजे रस प्यायचा, तर रोज प्यायचा. मूतखडा होऊन गेलेल्यांनी मात्र आधी विचारावं, कारण बीट आणि पालक या दोन्हींत ऑक्झलेट जास्त असतं.

तिसरी दावेदार मराठी घरांत असते, पण भाजीच्या रूपात: लाल अंबाडी. तिच्या फळाभोवतीच्या लाल, आंबट पाकळ्यांचा चहा अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात तपासला गेला. रक्तदाब किंचित वाढलेल्या ६५ जणांपैकी काहींनी सहा आठवडे रोज तीन कप हा चहा घेतला, बाकीच्यांनी तसंच दिसणारं चवीचं पाणी. चहावाल्यांचा वरचा आकडा ७.२ अंकांनी उतरला, पाणीवाल्यांचा १.३ अंकांनी. प्रयोगशाळेत या पाकळ्यांचा अर्क अँजिओटेन्सिन बनवणाऱ्या द्रव्याला थोडं अडवतो, आणि त्याने लघवीही जरा वाढते. दुकानात 'हिबिस्कस टी' म्हणून मिळतो तो याच अंबाडीचा असायला हवा. देवाला वाहतात ती जास्वंद तिची नातलग असली तरी झाड निराळं. आणि अंबाडीच्या पाल्याच्या भाजीवर ही चाचणी झालेली नाही, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

अर्जुनाबद्दल थोडक्यात. त्याच्या सालीवरचं बरंचसं काम छातीत दुखणं आणि थकलेलं हृदय यांवर झालं आहे, तेही छोट्या गटांवर. निव्वळ रक्तदाबासाठी त्याच्या बाजूने भक्कम पुरावा नाही.

बाटलीतलं खनिज आणि ताटातलं खनिज

मॅग्नेशियम हे स्नायूच्या पेशीत शिरू पाहणाऱ्या कॅल्शियमला आडकाठी करतं. अ‍ॅम्लोडिपिनचंच काम, पण फार हलक्या हाताने. किती हलक्या? ३४ चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला: रोज साधारण ३६८ मिलिग्रॅम, तीन महिने, आणि उतार वरच्या आकड्यात २, खालच्यात १.८ अंक. भाच्याने आणलेल्या बाटलीची मजल इथवर. ज्यांच्या शरीरात मॅग्नेशियम कमी आहे, उदाहरणार्थ वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणारे, त्यांना जास्त फायदा होऊ शकतो. इतरांच्या वाट्याला बऱ्याचदा जुलाब येतात. बाजरी, ज्वारी, तीळ, शेंगदाणे यांतून ते तसंही मिळतं.

खरा दांडगा गडी आहे पोटॅशियम. ते पुरेसं मिळालं, की मूत्रपिंडं सोडियम धरून न ठेवता लघवीवाटे सोडून देतात, आणि त्यामागोमाग पाणी जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान ३.५ ग्रॅम पोटॅशियम आणि जास्तीत जास्त ५ ग्रॅम मीठ सुचवते. सामान्य भारतीय ताटात हे प्रमाण नेमकं उलटं बिघडलेलं असतं: मीठ मर्यादेबाहेर, पोटॅशियम अपुरं. केळं, शहाळं, डाळी, पालेभाज्या, रताळं यांत पोटॅशियम चांगलं असतं; भाजी उकडून पाणी ओतून दिलं, की त्याचा बराच भाग मोरीत जातो.

अमेरिकेत १९९७ मध्ये 'डॅश' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४५९ जणांना त्यांचं सगळं जेवण शिजवूनच पुरवलं होतं. मीठ सर्वांना सारखं, वजन कुणाचं घटू दिलं नाही. एका गटाच्या ताटात फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूध-दही भरपूर होतं, म्हणजे पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम एकत्र. आधीच रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवण घेणाऱ्यांपेक्षा ११.४ अंकांनी जास्त उतरला. खनिजांच्या कुठल्याही एकट्या कॅप्सूलला इतकं जमलेलं नाही. नेमका कुठला घटक किती कामी आला हे वेगळं काढता येत नाही, आणि जेवणाऱ्याला त्याची गरजही नाही.

मीठच बदललं तर? चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१,००० लोकांवर पाच वर्षांच्या आसपास हा प्रयोग चालला. निम्म्या गावांना तीन भाग नेहमीचं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं. २०२१ मध्ये निकाल आला: त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. तेलंगणातल्या सिद्दिपेटच्या ग्रामीण भागात ५०२ रुग्णांवर अशाच मिठाने तीन महिन्यांत वरचा आकडा ४.६ अंकांनी उतरला. पूरक म्हणून काही विकत घ्यायचंच असेल, तर पुराव्याच्या दृष्टीने 'लो सोडियम' मिठाची ही पुडी बाकी साऱ्या बाटल्यांच्या पुढे आहे.

तिला एक मोठा अपवाद आहे. मूत्रपिंडं अधू असतील, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं चालू असतील, तर पोटॅशियम शरीरात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं. अशांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये, शहाळ्याचा रोजचा रतीबही लावू नये.

आणि उपवासाचं सैंधव? ते खाणीतून येतं, गुलाबी दिसतं, महाग असतं. पण नव्वद टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच असतं. रक्तदाबाच्या बाबतीत ते साधंच मीठ. पादेलोणाचंही तेच.

दाब वाढवणारे 'नैसर्गिक' उपाय

खोकल्यावर घरोघरी चघळलं जाणारं ज्येष्ठमध रक्तदाब चढवतं. त्यातल्या ग्लिसरायझिन या गोड द्रव्यामुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. स्वीडनमध्ये २८ निरोगी तरुणांना दोन आठवडे रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिक आम्ल मिळेल एवढं ज्येष्ठमध दिलं. वरचा आकडा सरासरी ३.१ अंकांनी चढला. चार दिवसांच्या खोकल्याला हरकत नाही, पण ज्येष्ठमध घातलेला काढा महिनोन्‌महिने घेणाऱ्याने बीपी का उतरत नाही म्हणून डोकं धरण्याआधी डब्यावरची यादी वाचावी. लवणभास्कर चूर्णात नावाप्रमाणे मीठच असतं. पोट फुगलं की घेतात त्या फसफसणाऱ्या चूर्णातही सोडियम भरपूर असतं.

काळजीचं दुसरं कारण शिसं. २००४ मध्ये बॉस्टनच्या आसपास विकली जाणारी, दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. शिशाने इतर हानी होतेच, शिवाय रक्तदाबही वाढतो. लेबल, बॅच क्रमांक आणि परवाना नसलेली पुडी घेऊ नये, ती कितीही भरवशाच्या माणसाने दिली तरी.

मात्रा पाळून घेतलेला लसणाचा अर्कही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढवू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याची कल्पना द्यायलाच हवी.

चौकट : घरी मोजताना

• मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावं.
• पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसावं. हात हृदयाच्या पातळीला टेकवावा. बोलू नये.
• मनगटापेक्षा दंडाचं यंत्र विश्वासार्ह. पट्टा दंडाच्या मापाचा हवा.
• सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजावं. पहिला दिवस सोडून बाकीच्या आकड्यांची सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर रक्तदाब वाढलेला धरतात.
• उपाय सुरू करण्याआधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा, असे दोन्ही लिहून ठेवावेत. एका वेळी एकच उपाय सुरू करावा; चार एकदम केले तर गुण कशाचा ते कळत नाही.

थांबायचं कुणी, कुणी नाही

पाच अंकांचा उतार क्षुल्लक वाटतो, पण नसतो. सुमारे साडेतीन लाख लोकांवरच्या औषधचाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. वरचा आकडा ५ अंकांनी उतरला, की हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे झटके सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं. फक्त हा पुरावा गोळ्यांचा आहे. लसणाने, बिटाने किंवा अंबाडीने कुणाचा झटका टळला, हे दाखवणारी मोठी, वर्षानुवर्षांची चाचणी झालेली नाही. मिठाच्या बाबतीत मात्र झाली आहे.

म्हणून १३० ते १३९ च्या पट्ट्यात असलेल्या, एरवी धडधाकट माणसाने तीन महिने ताट आणि मीठ बदलून बघणं शहाणपणाचं आहे. आवडत असेल तर बिटाचा रस किंवा अंबाडीचा चहाही घ्यावा. पण मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आधी येऊन गेलेला झटका किंवा गरोदरपण असेल, किंवा आकडा पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर येत असेल, तर काढ्यांवर वेळ घालवू नये. चालू असलेली गोळी तर कुठल्याच चूर्णाच्या भरवशावर बंद करू नये.

'बीपी कायमचं घालवू' अशी जाहिरात दिसली, तर तिला भुलू नये. १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याने ज्या आजारांवर बरं करण्याचा दावा जाहिरातीत करायला मनाई आहे, त्यांच्या यादीत रक्तदाब आहे. आणि पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या साऱ्या बाटल्या, पुड्या, वट्या आणि काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावेत. वैद्यांकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी.